मऊ खुर्ची

निवेदनात मी लिहिलं आहे:
शुक्रवार, चार वाजून पन्नास मिनिटं. रुग्ण चालत आली.
दोन्ही पायांत कळ, डाव्यात जास्त.
घोट्यामागे हातोडी मारली तेव्हा पाऊल हललं.
उशिरा हललं, हे लिहिलेलं नाही.

सेन्गा मॅकऑस्लन, वय सत्तेचाळीस,
ग्रीनॉकच्या शाळेत बटाट्यांचे ट्रे उचलणारी.
तीन आठवड्यांतली तिसरी खेप.
पहिल्यांदा कुणीतरी गोळ्या दिल्या,
दुसऱ्यांदा फोनवरच आणखी गोळ्या,
तिसऱ्यांदा मी.
मी व्यायामाचा कागद दिला,
त्यावर गुडघे छातीशी घेऊन निजलेला एक माणूस,
चित्रकाराने त्याला हसू का दिलं कोण जाणे.

ती खुर्चीत बसली.
नारिंगी प्लास्टिकची, कडेला तडा गेलेली;
मी स्वतः तिच्यावर पाच मिनिटं टेकत नाही.
म्हणाली, "खुर्ची बरी मऊ घेतलीत हो नवी."
मी हसलो.
मला वाटलं, हिला टोमणे छान जमतात.

एक प्रश्न असतो.
आमच्या संगणकामागे चिकटवलेलाच आहे, पिवळ्या कागदावर:
शौचाहून आल्यावर पुसताना स्पर्श कळतो का?
लघवी लागलेली कळते का?
फिनले, तिचा सोळा वर्षांचा मुलगा,
दाराशी आईची पिशवी धरून उभा होता
आणि बुटांकडे बघत होता.
मी म्हटलं, "बाकी सगळं ठीक?"
"ठीक."
दोघंही सुटलो.

मणक्याच्या तळाशी नसांचा एक झुपका लोंबतो.
जुन्या पंडितांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला,
नाव तेच पडलं.
परीक्षेत मी ती काढली होती, निळ्या पेनने, केस न् केस,
दहापैकी नऊ गुण.
चकती सरकून तिच्यावर बसली
की तास मोजायचे असतात, आठवडे नव्हे,
हेही लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारून.
घोडं पेंड खातं ते नेमकं त्यापुढे:
समोर बाई असते, दाराशी तिचा मुलगा असतो,
आणि घड्याळात पाच वाजायला दहा कमी असतात.

शनिवारी लघवी झाली नाही
म्हणून ती दोन कप चहा जास्त प्यायली.
रविवारी पहाटे फेरीबोटीच्या भोंग्याने जाग आली
तेव्हा गादी ओली होती
आणि ते तिला हाताने चाचपल्यावर समजलं.
चादर तिने स्वतःच धुतली, पाय ओढत.
मग फोन.
स्कॅनचं यंत्र सोमवारी उघडणार होतं.
ग्लासगोच्या टेबलावर ती पोचली
तोवर घोड्याने शेपटी हलवणं सोडलं होतं.

सात महिन्यांनी कॉरिडॉरमध्ये दिसली.
काठी, डाव्या पावलाला पट्टी,
खांद्याला फुलाफुलांची पिशवी. तिच्यात नळ्या,
दिवसातून पाच वेळा.
मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली,
"तू विचारलं असतंस तरी मी 'ठीक'च म्हटलं असतं.
पोरगा होता ना."
मला श्वास घेता आला.
ती दोन पावलं पुढे गेली, वळली.
"तरी विचारायला हवं होतंस."

आता मी सगळ्यांना बाहेर काढतो,
नवरे, मुली, सासवा, हात धरून आलेल्या मैत्रिणी.
दार लावतो आणि उघड्या शब्दांत विचारतो.
लोक लाजतात. एक म्हातारा खलाशी उठून निघूनच गेला,
त्याला जिन्यापर्यंत गाठून पुन्हा विचारलं.

खुर्ची बदलायचा अर्ज मंजूर झाला होता.
मी तो परत घेतला.
शेवटचा रुग्ण गेला की तिच्यावर बसतो,
तडा मांडीखाली येईल असा.
टोचतो.
टोचतोय याची खात्री करून घेतो,
मग दिवा बंद करतो.